पोरगी हुशार आहे, म्हणून लवकर ‘शहाणी’ होते का?

आमच्याकडे मुलीला पहिली पाळी आली की बायका म्हणतात, ‘शहाणी झाली’. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, तासगाव आणि पलूस तालुक्यांत मिळून. या एका शब्दानं जेवढा घोळ घातलाय तेवढा दुसऱ्या कुठल्या शब्दानं घातला नसेल. वर्गातली चुणचुणीत पोरगी पाचवी-सहावीत अंगानं भरली की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणायचंच, ‘डोकं पुढं, तसं अंगही पुढं.’ मीही म्हणायचे. तेच वाक्य मी सख्ख्या नातीच्या बाबतीत म्हटलं आणि आमचे सात महिने फुकट गेले.

ती दिवाळी. नात ७ वर्षं ४ महिन्यांची. अभ्यंगाला सून तेल लावत होती, तर छातीशी एका बाजूला चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागली. पोरगी म्हणाली, दुखतंय. सून घाबरली, कॅन्सर तर नाही ना म्हणून. मी घरातली अनुभवी. म्हटलं, ‘काही नाही गं, हुशार पोरं लवकरच वयात येतात. हिचं सगळंच दोन वर्षं पुढं आहे.’ दुसरीतली पोर एकोणीसचा पाढा उलटा म्हणायची, पेपर वाचायची, त्यामुळं सुनेलाही पटलं. जूनमध्ये शिवलेला गणवेश मार्चमध्ये गुडघ्याच्या वर गेला, तरी मी ‘उसासारखी वाढतीय’ म्हणून कौतुकच करत होते. शेवटी पुढच्या जूनमध्ये मुलानंच मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. डाव्या हाताचा एक्स-रे काढला. पोरगी ७ वर्षं ११ महिन्यांची आणि हाडं १० वर्षांची. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. ‘गाठ कधी लागली?’ एवढंच विचारलं. मी ‘दिवाळीत’ म्हटल्यावर त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर जे शिकले, विचारलं, वाचलं, ते तुमच्या कामाला येईल म्हणून लिहितेय.

मुळात हे खरं आहे का

गटाची सरासरी काढली तर किंचित हो. तुमच्या पोरीबद्दल त्यावरून काहीही सांगता येत नाही.

ही समजूत नुसती आपल्या बायकांची नाही. १९२१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातली दीड हजारावर हुशार मुलं निवडून त्यांचा अभ्यास सुरू केला. बहुतेकांचा बुद्ध्यंक १४० च्या आसपास किंवा वर. तोवर लोकांना वाटायचं, हुशार पोरगं म्हणजे किडकिडीत, सदा आजारी. टर्मनना उलटं दिसलं. त्यांची मुलं इतरांपेक्षा थोडी उंच, धडधाकट आणि थोडी लवकर वयात येणारी निघाली. पण ही मुलं होती कुणाची? बहुतेक खाऊनपिऊन सुखी, शिकलेल्या गोऱ्या घरांतली. ज्या घरात दूध-अंडी आहेत त्याच घरात पुस्तकं आहेत. अंग कशानं वाढलं आणि गुण कशानं वाढले, हे वेगळं काढणार कसं? पुढं मुलांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटनच्या जेम्स टॅनर यांनीही लिहिलं, की एकाच वयाच्या मुलांत लवकर वाढणाऱ्यांना बुद्धीच्या चाचणीत थोडे जास्त गुण मिळतात. फरक मात्र इतका लहान की लवकर येणाऱ्यांत सामान्य पोरं भरपूर आणि उशिरा येणाऱ्यांत हुशार पोरंही भरपूर.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पहिली पाळी साधारण १६-१७ व्या वर्षी यायची. १९६० च्या दशकापर्यंत ती १३ वर आली. शंभर-सव्वाशे वर्षांत तिथल्या मुली काही तीन-चार वर्षांनी हुशार झाल्या नाहीत. त्यांना पोटभर खायला मिळालं, आजार कमी झाले. पाळी कधी येणार हे बरंचसं आईकडून-बापाकडून येतं, उरलेलं खाण्यावर आणि अंगातल्या चरबीवर. डोक्यात वयात येण्याचा हुकूम सोडणारा एक छोटा भाग आहे, हायपोथॅलॅमस. त्याचा आणि एकोणिसाच्या पाढ्याचा संबंध नाही.

टर्मनच्या कामातली एक गोष्ट मला मास्तरीण म्हणून फार लागली. त्यांनी शिक्षकांना विचारलं होतं, वर्गातली सर्वांत हुशार मुलं कोण, आणि वयानं सर्वांत लहान कोण. शिक्षकांनी हुशार म्हणून सांगितलेल्या मुलांपेक्षा ‘सर्वांत लहान’ म्हणून सांगितलेल्यांत खरी बुद्धिमान मुलं जास्त सापडली. म्हणजे आम्ही शिक्षक अंगानं मोठ्या, तोंडानं धीट पोरांना हुशार समजतो. मी स्कॉलरशिपच्या जादा तासाला पोरं निवडायचे तेव्हा मागच्या बाकावरच्या उंच मुली आधी डोळ्यांत भरायच्या, हे आता कबूल करते.

पहिलं काम: वय मोजा, इयत्ता नको

पालक सांगतात, ‘चौथीतच आहे हो अजून.’ चौथीतली दोन पोरं अकरा महिन्यांच्या फरकाची असू शकतात. शाळेच्या जनरल रजिस्टरवर बोट ठेवून मी हे कितीदा दाखवलंय. आमच्या पिढीत तर अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा, कारण दाखला घेताना हेडमास्तर तीच तारीख टाकायचे. आता जन्मदाखला असतो. तो काढा आणि वय वर्षं-महिन्यांत लिहा.

मग हे आकडे लक्षात ठेवा. मुलींच्या छातीत कळी येणं, म्हणजे नातीला लागली तशी गाठ, ही बहुतेकींची पहिली खूण, आणि ती ८ ते १३ या वयात कधीही आली तर ठीक. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. पालक मोजायला सुरुवात करतात पाळीपासून, तोवर गाडी अर्ध्यावर गेलेली असते. मुलग्यांचं ९ ते १४. मुलीला ८ च्या आत किंवा मुलाला ९ च्या आत खुणा दिसल्या तर लवकर समजायचं आणि दाखवायचं. आठ ते नऊच्या मध्ये सुरुवात झाली पण भराभर पुढं चाललंय, तरी एकदा दाखवा. साडेनऊ-दहाला कळी आली तर मात्र घाबरू नका, ते वयच आहे, पोरगी वर्गात पहिली असो की शेवटची.

नुसता काखेत वास किंवा चार केस आले, बाकी काही नाही, तर ते कधी कधी वेगळं प्रकरण असतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी थोड्या आधी जाग्या झालेल्या असतात आणि पाळीचा हुकूम सुटलेलाच नसतो. पण हा निवाडा आपण घरी करायचा नाही. मी केला होता.

दुसरं काम: पाडव्याला आणि दसऱ्याला उंची

आमच्या घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा होत्या, पण एकीपुढंही तारीख नव्हती. बिनतारखेची खूण म्हणजे नुसतं भिंत खराब करणं.

गुढीपाडवा आणि दसरा यांत साधारण सहा महिने जातात. त्या दोन दिवशी उंची घ्यायची. पायात काही नको, वेण्या-अंबाडा सोडलेला, टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरा, खालून खूण करा, टेपनं मोजा, तारीख घाला. दर महिन्याला मोजू नका. सकाळ-संध्याकाळच्या मोजण्यातच अर्धा-एक सेंटिमीटरचा फरक पडतो आणि उगीच जीव खालीवर होतो.

शाळकरी वयात वर्षाला ५-६ सेंटिमीटर वाढ होते. वयात येताना मुलींची वाढ वर्षाला ८ च्या आसपास जाते, मुलग्यांची ९-१० पर्यंत. माझी नात त्या वर्षी ९ सेंटिमीटर वाढली होती, सातव्या-आठव्या वर्षी. गणवेशानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

घरच्या उंचीचा अंदाजही काढून ठेवा. आई-बापाची उंची मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा, मुलासाठी १३ मिळवा, दोनानं भागा. बाप १६८, आई १५३ असेल तर मुलीची १५४ च्या आसपास, सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे. डॉक्टर हा आकडा विचारतातच. बापाची उंची अंदाजे सांगू नका. आमच्याकडं सगळे बाप साडेपाच फुटांचे असतात.

आता पोरगी उंच होतेय तर वाईट काय, असं मलाही वाटलं होतं. डॉक्टरांनी समजावलं ते मी आमच्या भाषेत सांगते. उसाला तुरा आला की वाढ थांबते. अवेळी तुरा आलेला ऊस आधी इतरांच्या वर दिसतो, नंतर मागं पडतो. हाडांच्या टोकांना वाढीच्या फटी असतात. वयात आणणारी हार्मोन्स आधी वाढ जोरात करतात आणि मग त्या फटी बुजवतात. तिसरीत सर्वांत उंच असलेली पोर दहावीत सर्वांत ठेंगणी असं होतं ते यामुळं.

डॉक्टरांकडं गेल्यावर

आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. ते गरज वाटली तर लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांकडं पाठवतात, एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात त्यांना. बरोबर न्यायचं: जन्मदाखला, तारखा घातलेली उंची-वजनं, आईची पहिली पाळी कितव्या वर्षी आली ते, आणि पोरीच्या अंगाला लागणारी सगळी क्रीमं-औषधं. ‘उंची वाढवणारी’ पावडर देत असाल तर लपवू नका, डबाच घेऊन जा.

डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे, त्यावरून हाडांचं वय. रक्तात एलएच वगैरे हार्मोन्स, थायरॉइड. मुलीची पोटाची सोनोग्राफी, ती दुखत नाही, फक्त लघवी धरून ठेवायला लागते, त्याचंच रडगाणं जास्त. सहा वर्षांच्या आतली मुलगी असेल किंवा मुलगा असेल, तर डोक्याचा एमआरआय सांगतात. मुलींत बहुतेक वेळा कारण सापडत नाही, घड्याळ नुसतं लवकर सुरू झालेलं असतं. मुलग्यांत मात्र आत काही कारण असण्याची शक्यता जास्त, म्हणून मुलाच्या बाबतीत ‘पुरुष आहे, लवकर मोठा होतोय’ असं म्हणून बसू नका.

उपचार सगळ्यांनाच लागत नाहीत. कधी कधी सहा महिने नुसतं बघतात. आमच्या नातीला दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन चालू आहे. त्यानं वरचा हुकूम थांबतो, आणि साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास बंद केलं की शरीर आपल्या गतीनं पुढं जातं. वाढ परत वर्षाला पाच सेंटिमीटरवर आली. येताना भडंगाची पुडी घ्यायची हा तिचा करार, तो आजवर मोडलेला नाही. ‘मूल होणार नाही पुढं’ असं शेजारणी सांगतील. इंजेक्शन थांबवल्यावर पाळी नेहमीसारखी येते, हे डॉक्टरांना समोर बसून विचारा म्हणजे सासूबाईंनाही ऐकू येईल.

खाण्याचं काय

एका द्राक्षबागाईतदार वडिलांनी मला विचारलं होतं, ‘बाई, जीएचं डिपिंग केलं की मणी फुगतो, तसं पोरीला कुणी कशातनं काय दिलंय का?’ जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, वेलीचं हार्मोन; द्राक्षाचे घड त्याच्या पाण्यात बुडवतात. प्रश्न चांगला होता. हार्मोन म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा नीट कळलं होतं. फक्त वेलीचं हार्मोन माणसात वयात आणायचं काम करत नाही.

कोंबडीला हार्मोन देतात असंही म्हणतात, पण ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत वाढते ती जातीमुळं आणि खाद्यामुळं. पपई, तीळ, अंडी ‘उष्ण’ म्हणून बंद करून पोरगी थांबत नाही, तिचं प्रोटीन तेवढं बुडतं. ज्याकडं बघायला हवं ते वेगळंच आहे. अंगात चरबी जास्त साठली की लेप्टिन नावाचं हार्मोन वाढतं, आणि मेंदूला ‘साठा पुरेसा आहे, चला’ असा निरोप जातो. आता आमच्या हुशार पोरांचा दिवस बघा. सकाळी शाळा, दुपारी स्कॉलरशिपचा क्लास, संध्याकाळी नवोदयचा, मध्ये क्रीमचं बिस्कीट, रात्री मोबाइल. सांगलीत विश्रामबागेत क्लासच्या दारात स्कूटरवरच खारी-चहा उरकणारी पोरं मी रोज बघते. हुशारीनं लवकर वयात येत असतील-नसतील, हुशारीच्या नावाखाली बसवून ठेवल्यानं वजन वाढतं हे मात्र मला दिसतं. रोज तासभर धावू द्या. एक क्लास कमी करा. मी स्वतः वीस वर्षं असे जादा तास घेतलेत, म्हणून हक्कानं सांगते.

डोकं बारा वर्षांचं, पोरगी आठच वर्षांची

इथं मला जास्त बोलायचंय. लवकर वाढलेल्या मुलीला सगळे मोठी समजतात. पलूस तालुक्यात माझ्या पाचवीच्या वर्गात एक होती, उंच, अक्षर मोत्यासारखं, गणितात पहिली. आम्ही तिला हजेरी घ्यायला लावायचो, लहान वर्गावर बसवायचो, मला बरं नसलं की माझाच तास ती घ्यायची. मधल्या सुट्टीत तिनं लंगडी खेळणं कधी सोडलं ते आम्हाला कळलंही नाही. आतून घालायला स्लिप द्यावी हे घरी सुचलं नव्हतं आणि मला बोलायची लाज वाटली. पुढं ती चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आईनं सांगितलं, पोरीला वाटत होतं आपण मरणार. विज्ञानाच्या पुस्तकातला अन्ननलिकेपासूनचा सगळा प्रवास जिला तोंडपाठ, तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. हुशार आहे, वाचलं असेल, असं आम्ही धरून चाललो.

तर कळी दिसली की लगेच सांगायचं, पाळीची वाट बघत बसायचं नाही. समोर बसवून ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ नको, पोरं दगड होतात. पोळ्या लाटताना, शेंगा फोडताना, दोघींचे हात कामात असताना बोला. छातीत दुखेल, एक बाजू आधी वाढेल, ते बरोबर आहे. नंतर कधीतरी रक्त येईल, ते जखमेचं नाही. सगळे दिवस मिळून साधारण दोन-तीन मोठे चमचेच असतं, दिसायला जास्त दिसतं. पहिलं वर्ष-दोन वर्षं पाळी कधीही येईल, कधी दोन महिने यायची नाही. पॅड हातात द्या, चड्डीला लावून दाखवा. दप्तरात कापडी पिशवीत दोन पॅड, एक चड्डी, कागद. वर्गशिक्षिकेला सांगून ठेवा. वर्गशिक्षक पुरुष असतील तर शाळेतल्या कुठल्या बाईंकडं जायचं ते नाव ठरवून ठेवा.

अंग मोठं दिसतंय म्हणून बाहुली काढून घेऊ नका. बाहेरच्या पुरुषांची नजर मात्र अंगावरच जाते, म्हणून कुणी हात लावला तर काय करायचं हे आठव्या वर्षीच शिकवायला लागतं. लवकर वयात आलेल्या मुलींना चिंता, उदासी जास्त ग्रासते. गुण घसरले की ‘लक्ष उडालं’ म्हणायची आपल्याला घाई असते. आम्ही त्या पोरीबद्दल तेच म्हणालो होतो.

सहावीला सातारच्या सैनिक शाळेची परीक्षा १० ते १२ वयात देता येते, २०२१ पासून मुलींनाही. पलूसचं नवोदयही सहावीपासूनच. म्हणजे होस्टेलला पाठवण्याचं वय आणि हे वय एकच. ट्रंक भरायच्या आधी वरचं सगळं बोलून झालं पाहिजे.

मुलग्यांचं घरात कळत नाही. आवाज फुटणं, मिसरूड ही खूप नंतरची लक्षणं, खरी सुरुवात अंडकोशाच्या वाढीनं होते आणि ती डॉक्टरच मोजतात. उलट बाजूही आहे. अभ्यासात पुढं असलेला तेरा वर्षांचा पोरगा रांगेत सर्वांत पुढं उभा राहतो आणि चिडवला जातो. चौदापर्यंत काहीच सुरुवात नसेल तर दाखवा, मुलीला तेरापर्यंत कळी किंवा पंधरापर्यंत पाळी नसेल तरी. तोवर त्याच्या बापानं ‘मी पण असाच होतो’ एवढं सांगितलं तरी पोरगा झोपतो. बाप खरंच तसा असेल तर.

राहिली ती ओटी. पाळी आली की हिरवी साडी, गजरे, मखर, गल्लीला जेवण करणारी घरं अजून आहेत. करू नका असं मी म्हणत नाही, पोरीला विचारा एवढंच. विट्याला माझ्या नणंदेची नात, अकरा वर्षांची, तिला विचारलं. ती म्हणाली, साडी नको, पुरणपोळी चालेल, पण कशाची ते कुणाला सांगायचं नाही. तशी केली. पुरणाचा वास गेल्यावर शेजारच्या काकू आल्याच, ‘आज काय विशेष?’ नणंद म्हणाली, ‘श्रावणी शुक्रवार.’ मार्च महिना चालू होता.